हवा आली कुठून?

“ब्रेक जरा खाली जातोय, पण दोनदा मारला की लागतो.” गॅरेजमध्ये गाडी सोडताना काच अडकते, हॉर्न घोगरा झालाय, त्याच यादीत हेही एक सांगितलं जातं. मिस्त्रीचं उत्तरही ठरलेलं असतं: “हवा घेतली असन, काढून देतो.” तासाभरात चारही चाकांतून तेल सोडलं जातं, पेडल टणक होतं, मालक पैसे देऊन निघतो. आणि काही आठवड्यांनी पाय पुन्हा खोल जायला लागतो.

दोघांनीही एक प्रश्न विचारलेला नसतो. ब्रेकची लाइन ही बंद नळी आहे. पेडलपासून चाकापर्यंत तिच्यात फक्त ब्रेक ऑइल असतं आणि बाहेरच्या हवेला आत यायला वाट नसते. मग हवा आली कुठून? या प्रकरणात आपण त्याच प्रश्नामागे जाणार आहोत, कारण हवा काढणं हा उपचार आहे, निदान नाही.

भंडारा जिल्ह्यात हा दोष अंगवळणी पडायला वेळ लागत नाही, कारण जिल्हा सपाट आहे. वैनगंगेचं खोरं, दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, मध्येमध्ये तलाव. तुमसर-मोहाडी किंवा पवनी-लाखांदूर अशा रोजच्या फेऱ्यांत ब्रेकवर जोराने पाय द्यायची वेळ क्वचित येते. अर्धं काम गिअर आणि ॲक्सिलरेटर सोडण्यातच भागतं. त्यामुळे पेडल बोटभर जास्त खाली गेलं तरी कुणाच्या लक्षात येत नाही. लक्षात येतं ते मुंबई-कोलकाता महामार्गावर, साकोलीच्या पुढे जंगलाच्या पट्ट्यात रात्री रानडुकरांचा कळप आडवा आला की. तेव्हा दोनदा मारायला सवड नसते.

आधी ही यंत्रणा काय करते ते पाहू. बंद द्रवावर एका ठिकाणी दाब दिला तर तो सगळीकडे सारखाच पोचतो, हे पास्कलने सतराव्या शतकात सांगितलं. माल्कम लॉकहीड या अमेरिकन तंत्रज्ञाने १९१७ मध्ये ते मोटारीच्या ब्रेकला लावून पेटंट घेतलं. १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मोटारीत चारही चाकांना असे ब्रेक आले. तेव्हापासून तत्त्व बदललेलं नाही.

आकडे लावून पाहू. प्रत्येक गाडीत ते थोडे वेगळे असतात, पण अंदाज येतो. तुम्ही पायाने १० किलोचा जोर दिला. पेडल हा तरफेचा दांडा आहे, तो जोर चौपट करतो: ४० किलो. इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालणारा बूस्टर त्याला तिप्पट करतो: १२० किलो. हा जोर २० मिलिमीटर व्यासाच्या मास्टर सिलेंडरच्या दट्ट्यावर, म्हणजे साधारण ३.१४ चौरस सेंटिमीटरवर येतो. दाब झाला चौरस सेंटिमीटरला सुमारे ३८ किलो. पुढच्या चाकाची डिस्क पकडणाऱ्या कॅलिपरचा दट्ट्या ४८ मिलिमीटरचा धरला तर त्याचं क्षेत्रफळ १८ चौरस सेंटिमीटर, म्हणजे डिस्क पॅड जवळजवळ ७०० किलोच्या जोराने डिस्क चावतो. दहा किलोचे सातशे झाले.

पण फुकट काही मिळत नाही. जोर वाढला तेवढं अंतर घटलं. मास्टर सिलेंडरचा दट्ट्या फार तर तीन सेंटिमीटर सरकतो, म्हणजे तो ढकलू शकतो ते तेल साधारण साडेनऊ घनसेंटिमीटर, दोन चमचेही नाही. एवढ्यात चारही चाकं भागवायची असतात. डिस्क पॅड डिस्कपासून मिलिमीटरच्या अंशाइतकाच दूर असतो, म्हणून ते भागतं.

आता या हिशोबात ३ घनसेंटिमीटर हवा घाला. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. ३८ किलोच्या दाबाखाली त्या हवेचा जेमतेम ०.०८ घनसेंटिमीटर उरतो. दट्ट्याची सुमारे सव्वानऊ मिलिमीटर चाल नुसती हवा दाबण्यात गेली आणि तुमच्या पायाखाली पेडल जवळजवळ चार सेंटिमीटर जास्त खाली गेलं. चाकाला त्यातलं काहीच मिळालं नाही. पेडल मऊ का लागतं, याचं सगळं गणित एवढंच आहे.

जाता जाता एक गंमत. लाखनीजवळ गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना आहे. ही कंपनी बनवते तशा जड ट्रक आणि बसमध्ये ब्रेकचं काम हवाच करते; कॉम्प्रेसरने टाकीत भरलेली हवा चाकापर्यंत जाते आणि ब्रेक लागतो. त्या गाड्यांवर हात बसलेल्या ड्रायव्हरला कारमध्ये हवा हा रोग कसा, हे पटवून द्यावं लागतं. तिथे हवेचा साठा संपत नाही, कॉम्प्रेसर तो भरत राहतो. इथे सगळी भिस्त त्या साडेनऊ घनसेंटिमीटरवर असते.

मऊपणाचे प्रकार मात्र वेगवेगळे आहेत, आणि पाना हातात घेण्याआधी पायाने ते ओळखता येतात. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-सहा वेळा मारा, म्हणजे बूस्टरमधला उरलेला व्हॅक्यूम संपेल. पेडल कडक होईल. ते दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पाय थोडा खाली सरकला तर बूस्टर ठीक आहे. पुष्कळ जण नेमकं हेच पाहून घाबरतात, ‘चालू गाडीत पेडल खाली बसतं’ म्हणतात. तो दोष नाही. बूस्टर बिघडला तर पेडल मऊ नव्हे, दगडासारखं कडक होतं.

आता चाकांना दगड लावून हँडब्रेक सोडा आणि इंजिन चालू ठेवून पेडल दाबा. पहिल्यांदा खोल गेलं, दुसऱ्या-तिसऱ्यांदा वर आलं, पण वर येऊनही पायाखाली लवचिक, उसळतं लागतंय: हवा. पहिल्यांदा खोल गेलं, पण दुसऱ्यांदा वर येऊन एकदम टणक लागलं, उसळी नाही: इथे बहुधा हवा नाही, मागच्या ड्रममधले लायनर झिजून किंवा ॲडजस्टर जाम होऊन ड्रमपासून दूर गेलेत. पहिल्या दाबातलं तेल ते अंतर भरण्यातच खर्च होतं. याची एक सोपी खूण आहे. हँडब्रेक थोडा ओढून पेडल दाबा. हँडब्रेकने लायनर ड्रमजवळ आणले की पेडल चटकन वर आलं, तर दोष तिथेच. अशा गाडीतून हवा काढणं म्हणजे नवं ब्रेक ऑइल मातीत ओतणं. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना मागे ड्रमच असतात, आणि पांदण रस्त्याने रोवणीच्या दिवसांत शेतावर जाणाऱ्या गाडीच्या ड्रममध्ये चिखल शिरून ॲडजस्टरची दातेरी चकती गंजणं अगदी नेहमीचं आहे.

तिसरा प्रकार सगळ्यांत फसवा. पेडल दाबलं की टणक लागतं, पण हलक्या पायाने तसंच धरून ठेवलं की हळूहळू खाली सरकत जातं, कधीकधी तळापर्यंत. सिग्नलला थांबल्यावर हे जाणवतं. तेल बाहेर गळत असेल तर ते कुठेतरी दिसेल. कुठेच दिसत नसेल आणि ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळीही कमी होत नसेल, तर मास्टर सिलेंडरच्या आतली रबरं गेलीत. दाबाखालचं तेल दट्ट्याच्या कडेने मागे निसटतंय. ही तपासणी हलक्या पायाने करायची. जोरात दाबलं तर झिजलेलं रबरही ताठ होऊन भिंतीला चिकटतं आणि दोष लपतो. मिस्त्री पेडलवर उभा राहून “काही नाही, टणक आहे” म्हणतो, ते खोटं नसतं. तो चुकीची तपासणी करत असतो.

चौथा प्रकार मऊपणाचा नाहीच, पण त्याच नावाने सांगितला जातो. पाणी साचलेल्या रस्त्यातून गाडी काढली आणि पुढे ब्रेक लागेना. पेडल जागेवर, टणक, फक्त गाडी थांबत नाही. लायनर आणि पॅड ओले झालेत. हळू चालवत पाय हलका टेकवून ठेवा, ते कोरडे होतील. यात हवा काढण्यासारखं काही नाही.

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. लाइनमध्ये हवा जायच्या वाटा मोजक्या आहेत. लाइन कुणीतरी उघडली, उदाहरणार्थ कॅलिपर किंवा ड्रममधला व्हील सिलेंडर बदलला, आणि नीट भरली नाही. डबीतलं तेल इतकं खाली गेलं की मास्टर सिलेंडरने तेलाऐवजी हवा ओढली. किंवा एखादं रबर असं झिजलं की तिथून तेल बाहेर येतं आणि पाय सोडताना हवा आत जाते. पहिली वाट तुम्हाला आठवेल. उरलेल्या दोन्हींत तेल कमी होणारच, आणि ते कुठे गेलं ते शोधता येतं.

बॉनेट उघडा. अर्धपारदर्शक डबीवर वरची आणि खालची खूण असते. पातळी खाली आहे म्हणजे गळतीच आहे, असं नाही. डिस्क पॅड झिजत जातात तसा कॅलिपरचा दट्ट्या बाहेर येतो आणि त्याच्यामागे जास्त तेल मावतं; पातळी महिनोन्‌महिने हळूहळू उतरते. ती आठवड्यात उतरली तर गळती. काही गाड्यांत क्लचही तेलावर चालतो आणि त्याच डबीतून तेल घेतो, तेव्हा ब्रेकच्या पातळीचा चोर क्लचमध्ये सापडू शकतो. डबी बघितली की चारही टायरच्या आतल्या बाजूंवर हात फिरवा. मागच्या ड्रमच्या खालच्या कडेला चिखल ओलसर, काळपट, तेलकट दिसतो का? व्हील सिलेंडरचं रबरी टोपण थोडं उचललं आणि आत तेल साचलेलं निघालं, तर सिलेंडर गेला. भिजलेले लायनरही बदलावे लागतात, धुऊन चालत नाहीत. पुढे, रबरी होज पाइप स्टिअरिंग वळवताना ज्या ठिकाणी वाकतो तिथे भेगा पाहा, आणि कुणाला पेडल दाबायला सांगून पाइप फुगतो का पाहा. जुना पाइप फुगतो, आणि त्यातही पेडल मऊ लागतं. हवा एक थेंबही नसताना. शेवटी मास्टर सिलेंडर बूस्टरला जिथे जोडलाय तो सांधा. तिथला रंग सुटलेला, फुगलेला दिसला तर तेल तिथून झिरपतंय. ब्रेक ऑइल रंग खातं. गळतीचा तो उत्तम पुरावा आहे.

एक वाट अजून राहिली, आणि तिला रबराची गरज नाही. ही हवा आतच तयार होते.

सध्याची बहुतेक ब्रेक ऑइलं ग्लायकॉल इथरपासून बनतात आणि ती हवेतलं पाणी ओढून घेतात. पावसाळ्यात उघडं मीठ जसं ओलं होतं, तसंच. फक्त इथे ते दिसत नाही. जिल्ह्यात पाऊस सरासरी १३०० मिलिमीटरच्या आसपास, तलाव आणि बांध्या पाण्याने भरलेल्या, जुलै ते सप्टेंबर हवा दमट. डबीच्या झाकणाच्या श्वासछिद्रातून आणि रबरी पाइपांतून ओल आत जाते. नवं डॉट ३ दर्जाचं तेल २०५ अंशांच्या वर उकळतं, डॉट ४ २३० च्या वर. त्यात ३.७ टक्के पाणी मिसळलं की प्रमाणित किमान आकडे अनुक्रमे १४० आणि १५५ वर येतात. तेल उकळलं की वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच दाबली जाते.

भंडाऱ्याच्या रस्त्यांवर कॅलिपर इतका तापत नाही. पण गाडी जिल्ह्यातच थोडी राहते? विदर्भातली माणसं महाशिवरात्रीला आणि श्रावणात नागद्वारच्या यात्रेला पचमढीला जातात, उन्हाळ्यात चिखलदऱ्याला जातात. पाच माणसं, टपावर सामान, उतारभर ब्रेकवर पाय. खाली आल्यावर चहाला थांबले की चाकावर वाहणारा वारा थांबतो आणि डिस्कमधली उष्णता कॅलिपरमधल्या तेलात चढते. दहा मिनिटांनी गाडी काढताना पेडल तळाला. अर्ध्या तासाने सगळं निवतं, वाफेचं पुन्हा पाणी होतं, पेडल जागेवर. गावी परतल्यावर मिस्त्रीला काहीच सापडत नाही, आणि तो खरंच बोलतोय. याचा इलाज दोनच: उतारावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरणं, आणि ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी पूर्ण बदलणं. अनेक कंपन्यांच्या माहितीपुस्तकात दोन वर्षं किंवा ४० हजार किलोमीटर असंच लिहिलेलं असतं. गाडी किती चालली यावर ओल अवलंबून नाही. अंगणात उभी गाडीही पाणी पिते. म्हणून कमी चालणाऱ्या गाडीच्या मालकाने वर्षांकडे बघावं.

२०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला आणि भंडारा शहरातल्या वस्त्यांत पाणी घुसलं. ज्या गाडीचं इंजिन पुराच्या पाण्यात बुडालं, तिचं ब्रेक ऑइल रंगाने कसंही दिसो, बदलायचंच. ड्रम उघडून गाळ काढायचा. पुरानंतर लोक इंजिन ऑइल बदलतात, सीट वाळवतात आणि ब्रेकला विसरतात, असा माझा अनुभव आहे.

आता हवा काढण्याची रीत, कारण ती जवळून पाहण्यासारखी आहे. गाडी स्टँडवर, उरलेल्या चाकांना दगड. चाकाजवळचं, तेल सोडायचं निपल आधी घासून साफ करायचं, त्याच्या छिद्रात माती असेल तर तीच आत जाते. रिंग पाना चढवायचा, निपलवर पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीत थोड्या नव्या तेलात बुडवलेलं. आत बसलेला पोरगा पाय देतो. खालून मिस्त्री सांगतो, “दाब बे… धरून ठेव.” मग निपल पाव फेरा सैल. नळीतून बुडबुडे, मग गढूळ तपकिरी तेल. पेडल खाली जातं. “सोडू नको!” निपल आवळलं. “आता सोड.” या दोन आज्ञांचा क्रम चुकला, म्हणजे निपल उघडं असताना पाय उचलला, की काढली त्याच्या दुप्पट हवा आत जाते. बुडबुडे थांबेपर्यंत असंच. दर काही दाबांनी डबी भरत राहायचं. ती एकदा रिकामी झाली की सगळं पहिल्यापासून.

साधा नियम असा की मास्टर सिलेंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत म्हणजे मागचं डावं. पण पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बऱ्याच गाड्यांत लाइन तिरपी विभागलेली असते, पुढचं एक आणि मागचं समोरच्या बाजूचं एक अशी, आणि कंपनी आपला वेगळा क्रम देते. पुस्तकात असेल तोच पाळा. जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत आपटू नका. रोज न पोचणाऱ्या गंजक्या भागावर रबर घासून फाटतं, आणि बरा असलेला मास्टर सिलेंडर हवा काढल्यावर दुसऱ्याच दिवशी जातो. मिस्त्रीला दोष देण्याआधी हेही ठाऊक असू द्या.

हवा निघतच नसेल तर निपल कुठे आहे ते पाहा. ते कॅलिपरच्या माथ्याशी हवं. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल करून बसवला तर निपल खाली येतं, हवा वर अडकते आणि दिवसभर पेडल मारलं तरी निघत नाही. ही चूक दिसते त्याहून जास्त वेळा होते. एबीएसच्या, म्हणजे ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या गाड्यांत, आणि २०१९ पासून आपल्याकडच्या सगळ्या नव्या कारमध्ये ते आहे, हवा एबीएसच्या ठोकळ्यात शिरली तर त्याचे आतले व्हॉल्व्ह संगणक जोडून उघडावे लागतात. तिथे साध्या गॅरेजने हात टेकणं प्रामाणिकपणाचं आहे.

दोन गोष्टींत मात्र हयगय नको. ब्रेकच्या डबीत इंजिन ऑइल, गिअर ऑइल किंवा डिझेल थेंबभरही जाऊ देऊ नका आणि ब्रेकची रबरं पेट्रोलने धुवू देऊ नका. खनिज तेलाने ही रबरं फुगतात, आणि मग मास्टर सिलेंडरपासून चारही चाकांपर्यंत सगळी रबरं बदलावी लागतात. आणि अर्धा उरलेला, वर्षभर फळीवर पडलेला ब्रेक ऑइलचा डबा स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका. तो पाणी पिऊन बसलेला असतो. सीलबंद छोटा डबा समोर उघडून घ्या, गाडीतल्या डबीच्या झाकणावर लिहिलंय तेच डॉट घ्या. डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालतं. डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळंच तेल आहे, ते यांत मिसळायचं नाही.

पुढच्या वेळी “हवा घेतली” असं ऐकलं की ओली जागा दाखवायला सांगा. दाखवता आली नाही तर लायनर, होज पाइप आणि मास्टर सिलेंडर तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि पेडल तळाला टेकत असेल तर गाडी गॅरेजला नेऊ नका, मिस्त्रीला गाडीपाशी बोलवा.